सासूबाईंना सांगितलेली कोबीची भाजी

क्रोसाँचं तयार पीठ इथे डच दुकानांत पुठ्ठ्याच्या नळकांड्यात मिळतं. वरचा कागद सोलून पिळलं की ते फट्‌ आवाज करून फुटतं. तो आवाज काढायचा मान लेकीचा. बाकी सगळा पदार्थ नवऱ्याचा, दर शुक्रवारचा: खाली मसाल्यात परतलेला खिमा, वर त्या पिठाची चादर, आणि मग ओव्हन. लेक त्याला इंग्रजीतला 'पाय' म्हणते. गेले दोनेक महिने त्यानं तो केला नव्हता. त्यानं काहीच केलं नव्हतं. बर्नआउट म्हणून कंपनीच्या डॉक्टरनं त्याला घरी बसवलं होतं, आणि तो सोफ्यावर खिडकीकडे तोंड करून पडून असायचा.

त्या शुक्रवारी मी ब्रेडाच्या ऑफिसातून आले ती चिंब भिजूनच. गाडीला उशीर, पुढे स्टेशनापासून सायकल, त्यात समोरून वारा. दारात पाऊल टाकते न टाकते तोच लेक इंग्रजीत म्हणाली, बाबा करतो तो 'पाय' हवाय. म्हटलं, बाई गं, आज वरणभात खा. तिचे डोळे भरले. मग काय करते, कोट काढला आणि कांदा चिरायला घेतला.

गेहाक्त म्हणजे इथला डच खिमा, आणि आमच्याकडे येतो तो बीफचा. माझ्या माहेरी काय नि सासरी काय, बीफचं नावसुद्धा निघत नाही. आम्ही इथे आल्यावर खायला लागलो, आधी नवरा, मग मी, आणि नाशिकला सासूबाईंना कळू द्यायचं नाही हे न बोलताच ठरलं. त्यांची झोपायची वेळ नि आमची जेवायची वेळ एकच. त्यामुळे त्यांचा व्हिडिओ कॉल नेमका खिमा शिजत असताना येतो. "आज काय केलंस गं?" "कोबीची भाजी, आई." त्यांच्या हिशेबानं आम्ही कोबीवरच जगतो.

त्या थापेचं मला कधी फारसं काही वाटलं नाही. पण आता तिच्या डोक्यावर दुसरी थाप बसली होती. "आईला सांगू नकोस, तिला झोप लागणार नाही," असं नवरा म्हणाला होता. वा रे वा! त्यांना झोप लागावी म्हणून माझी उडाली. रोज त्या विचारायच्या, "तो कुठेय?" आणि मी रोज सांगायचे, "आंघोळीला गेलाय." तो तिथेच सोफ्यावर, हाकेच्या अंतरावर. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी चूल, मधे त्याला घेऊन डॉक्टरकडे, लेकीची शाळा, आणि वर हे नाटक. स्वयंपाकानं माणूस दमतो खरा, पण खोटं बोलून त्याहून जास्त दमतो. आता माझ्याच्यानं हे निभणार नाही, असं रोज वाटायचं आणि रोज निभवायचे.

खिम्यावर पीठ पसरून ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि फोन वाजला. माझे हात पिठाचे, म्हणून लेकीनं तो माझ्यासमोर धरला.

"कोबी का?" सासूबाईंनीच विचारलं.

"हो, आई."

"आणि तो आंघोळीला."

"हो."

"अगं, बादली दिसली की गल्लीभर पळणारा माझा मुलगा. तो रोज रात्री आंघोळ करतो? इतकं तर म्हशीसुद्धा पाण्यात बसत नाहीत. काय झालंय त्याला? खरं सांग."

मी सोफ्याकडे पाहिलं. त्याची पाठ हलली नाही. तेव्हा माझं डोकंच फिरलं. लेकीच्या हातातून फोन घेतला, तशाच पिठाच्या बोटांनी, आणि जाऊन त्याच्या तोंडासमोर धरला. "तूच सांग. मला नाही जमत आता."

त्यानं फोनवरचं पीठ अंगठ्यानं पुसलं. मग म्हणाला, "आई, मी कामावर जात नाहीये. मला काहीच जमत नाहीये गं."

आता रडारड होणार, असं मला वाटलं.

"जेवतोस ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आज काय आहे खरं?"

"खिमा."

"कशाचा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात सासूबाईच घाईनं म्हणाल्या, "नको, नको, राहू दे. गरम आहे ना? मग पोटभर खा." आणि तो हसला. एवढंसंच, पण हसला.

"तिला दे फोन."

आता माझी पाळी. इतके दिवस थापा मारल्या होत्या, बोलणी खायची तयारी ठेवली.

"तू कशी आहेस गं?"

डॉक्टर त्याच्याबद्दल विचारायचे. त्याच्या ऑफिसातले त्याच्याबद्दल, शाळेतली बाई लेकीबद्दल. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "मी मजेत" अगदी ओठावर आलं होतं.

"दमलेय, आई. खूप दमलेय," मी म्हटलं आणि तिथेच उभी राहून ढसाढसा रडले.

नवरा उठून बसला. माझ्याकडे बघतच राहिला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

त्याला खरंच माहीत नव्हतं. मी त्याच्याशेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.