अक्काची टाळी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. हे कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. अक्काविषयी लिहायचं राहिलं तर ते माझ्याबरोबरच जाईल, म्हणून बसले.

अक्काच्या टाळीनं बाजारातले बैल कान टवकारायचे. पंजे रुंद, आवाज कोरडा. आमच्या जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात ती टाळी ऐकू आली की दुकानदार आधीच गल्ल्यातून रुपया काढून ठेवत. पुढे तिनं आपल्यासारख्या तृतीयपंथी लोकांच्या हक्कासाठी संस्था काढली आणि बाजार मागणं सोडलं. टाळी मात्र ठेवली. बैठक सुरू करताना एक, संपवताना एक. मधेच दुसऱ्या कुणी वाजवली तर म्हणायची, "मालकीण जिवंत हाय अजून."

संस्था म्हणजे माझ्या घराची पुढची खोली. गावात त्यांना कुणी जागा देत नव्हतं, आणि नवरा गेल्यापासून मला भाडं हवं होतं. अक्का विचारायला आली तेव्हा मी दाराआडूनच बोलले.

"बाई, लाजून राहिलीस का भिऊन?"

"लाजते मी."

"मग चालतंय. भेणाऱ्याच्या हातचं पाणी मी पीत न्हाई. आण तांब्याभर."

शेजारणी मला हिजड्यांची मालकीण म्हणू लागल्या. मी रडत अक्काला सांगितलं. ती हसली. "मला अध्यक्षीणबाई म्हणतेत. दोघींला पदं मिळाली की!"

खोलीत रेशनकार्डाचे अर्ज भरले जायचे. कुणी आजारी पडलं की अक्का स्वतः दवाखान्यात जायची. एकदा तिथल्या नर्सनं विचारलं, बायकांच्या वार्डात घ्यायचं की पुरुषांच्या? अक्का म्हणाली, "तापाच्या वार्डात घ्या. ताप आलाय तिला." मग दार अडवून उभी राहिली, खाट मिळेपर्यंत.

रेश्मा आली ती अशाच एका तापातून उठून. सेनगावकडच्या तांड्यावरची. घरच्यांनी हाकलल्यावर परभणीच्या एका गुरूनं तिला जवळ केलं, खाऊ-पिऊ घातलं. पण रेश्माला मागत फिरायचं नव्हतं. "अक्का, मला टाळी वाजवायची न्हाई. मला ब्लाऊज शिवायचेत."

त्यांच्यात रीत अशी, की गुरूला सोडायचं तर गुरूनं केलेला खर्च फेडायचा. न फेडता गेलं तर बिरादरीत कुणी पाणी देत नाही, मेल्यावर खांदा देत नाही. आणि ज्याच्या नावावर पैसे, त्यानं ते फिटल्यावर पंचांपुढे टाळी वाजवायची, की व्यवहार मोकळा. अक्का परभणीला गेली आणि रेश्माचं देणं स्वतःच्या नावावर घेऊन आली.

दुसऱ्याच आठवड्यात ती पुन्हा बाजारात उतरली. संस्थेचं लिहिणं-पुसणं पाहणारे मास्तर कळवळले, "अक्का, अध्यक्षांनी बाजार मागायचा? संस्थेतून उचला ना."

"संस्थेचा पैसा सगळ्यांचा, मास्तर. पोरगी मी सोडवून राहिले."

"लोक काय म्हणतील?"

"त्याह्यचं काय म्हणायचं राहिलंय अजून?"

रेश्मा चिडायची. "माझ्यापायी काहून हात पसरता तुमी?"

"पसरत न्हाई गं, वाजवते."

पण छातीच्या दुखण्यानं अक्का खाटेला लागली. मी पेज भरवायचे. ती कापसाच्या भावाचं बोलायची, मग मधेच विचारायची, "फिटंल का गं?" मी व्हय म्हणायचे. फिटलं नव्हतं. ती गेली तेव्हा परभणीहून खांद्याला कुणी आलं नाही. भाजीवाले आले, अत्तरवाले चाचा आले, मास्तर आले. शेजारणी दारातून बघत होत्या.

मग रेश्मानं त्याच खोलीत मशीन टाकली. ती शिवायची, मी हूक लावायचे आणि काजं करायचे. शेजारणी आधी मापाचं ब्लाऊज पोरांच्या हाती पाठवत, पुढं स्वतः येऊ लागल्या. उरलेली रक्कम जमायला बरीच वर्षं गेली. ती घेऊन आम्ही दोघी परभणीला गेलो. मी रेश्माच्या पाठीमागं बसले होते.

गुरू आता थकली होती. तिनं पंचांपुढे नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या. "नाम किसका था?"

"अक्काचं."

"वो तो गई. ताली कौन देगा?"

रेश्मा उठली. इतक्या वर्षांत तिनं टाळी वाजवलेली मी पाहिली नव्हती. तिनं पंजे पसरले आणि एकच वाजवली. अक्कासारखी नव्हती. पण वाजली.

"पूरा फिट गया," गुरू म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या आधी रेश्मापुढं ठेवला, मग माझ्यापुढं.