एका ओळीत निघालेली नावं

धरणगावच्या पलीकडे माळावर एक सूतगिरणी होती. सत्त्याऐंशी साली तिथं कॉम्प्युटर बसला आणि टाइपिंग चांगलं म्हणून सुनंदाला त्यावर घेतलं. घरात ती, आई सुगंधाबाई आणि धाकटा भाऊ चिंधा. चिंधा त्याच गिरणीत बदली कामगार होता. कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी उभं राहायचं, एवढीच त्याची नोकरी.

मशीन युनिक्स नावाच्या प्रणालीवर चाले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, बाकी काही नाही. बसवायला आलेल्या पुण्याच्या इंजिनिअरने जाण्याआधी तिला थोड्या आज्ञा शिकवल्या. ग्रेप म्हटलं की हजारो ओळींतून हव्या तेवढ्याच वर येत. सॉर्ट त्या क्रमाने लावी, कट नेमका रकाना कापून देई, युनिक दुबार आलेलं गाळी. खरी करामत उभ्या रेघेची. दोन आज्ञांच्या मध्ये ती मारली की पहिलीने काढलेलं दुसरी घेई, दुसरीचं तिसरी. लग्नघरात एकीने भाकरी थापावी, दुसरीने भाजावी, तिसरीने टोपल्यात टाकावी, तसं. सुनंदाला त्याचा नादच लागला. जेवणाच्या सुटीतही ती डबा बाजूला ठेवून एखादी नवी ओळ लिहून बघे.

हजेरीचं काम त्याआधी तोताराम नानांकडे होतं. टाइम ऑफिसात त्यांच्याभोवती कार्डांचे गठ्ठे असत. मागे एकदा संप झाला तेव्हा कोण गैरहजर होतं ते साहेबांनी विचारलं होतं. नाना कार्डं उलटीपालटी करत बसले, तेवढ्यात तडजोड झाली आणि ती यादी कुणी मागितलीच नाही. नाना तेव्हा मुद्दाम रेंगाळले की त्यांचा हातच तेवढा चालायचा, हे कुणाला कळलं नाही.

नव्वदच्या उन्हाळ्यात कताईच्या मशीनचा वेग वाढवण्यावरून पुन्हा वाजलं आणि कामगार बाहेर बसले. बदलीवाल्याने संपात पडू नये म्हणून चिंधा कामावर जाणारच होता. पण त्याच सकाळी सुगंधाबाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. ऑफिसच्या लोकांना रजा बंद होती. सुनंदानेच त्याला सांगितलं, मला सुटता येणार नाही, तू आईला जळगावला दवाखान्यात ने. तो गेला, आणि संप मिटेपर्यंत आईच्या खाटेपाशीच राहिला.

कामगार परतले त्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी सुनंदाला बोलावलं. संपाच्या दिवसांत न आलेल्या बदली कामगारांची नावं हवी होती. ती जागेवर आली, हजेरीची फाइल एका बाजूला, बदलीवाल्यांची दुसऱ्या बाजूला, मध्ये रेघा. एकच ओळ झाली. प्रिंटर खडखडू लागला तेव्हा तिचा चहा अजून गरम होता.

कागदावर मधेच चिंधाचं नाव होतं.

कागद घेऊन ती साहेबांकडे गेली. भाऊ संपात नव्हता, आईबरोबर होता, मीच पाठवला होता, असं तिने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"कोण कशासाठी आलं नाही, ते तुमच्या फाइलीत आहे का, बाई?"

"नाही, साहेब."

"मग तुमच्या भावाला वगळून बाकीच्यांना मी काय सांगू?"

तिने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. खरं तर साहेबांकडे जाण्याआधी एवढी एक ओळ गाळणं तिच्या हातात होतं. ग्रेपला उलटं सांगितलं की तो नको ती ओळ टाकून देतो, आणि तिची बोटं कीबोर्डवर टेकलीही होती. तिने ते केलं नाही. नोकरीची भीती होती. काम चोख असल्याचा अभिमानही होता, आणि पुढे तोच तिला जास्त टोचत राहिला.

संध्याकाळी गेटवर नावं लागली. त्या सगळ्यांना उद्यापासून काम नव्हतं. सायकल हातात धरून नाना तिच्याजवळ थांबले.

"पोरी, मला आठ दिवस लागले असते," ते म्हणाले, "आठ दिवसांत माणसांचा राग उतरतो."

घरी चिंधा ओसरीवर बसला होता. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"अक्का, तुनी यादी खरी शे," तो म्हणाला. "मी त्या दिन कामवर नव्हतू. पन का नव्हतू, हाई कोनी इचारं नही."

महिन्याभरात तो सुरतेला लूमवर गेला. खोली मिळाल्यावर त्याने आईला नेलं. सुनंदाने आईला थांबायचा आग्रह केला, तर सुगंधाबाई पिशवी भरता भरता म्हणाल्या, त्याला तिकडे कोण करून घालणार. तिकडेच त्या पाच वर्षांनी वारल्या. सुनंदा पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं.

तिचं लग्न राहून गेलं. ऑफिसात मात्र तिच्यावाचून पान हलेना. शहाण्णवला रंगीत पडद्याची मशीनं आली, नवं सॉफ्टवेअर पॅकेज आलं आणि पॅकेजला जुन्या फाइली वाचता येईनात. तिने त्याच आज्ञांनी त्या कापून, लावून, नव्या साच्यात बसवून दिल्या. पॅकेजवाला तरुण इंजिनिअर खूश झाला. मशीनं बदलतील मॅडम, पण या आज्ञा कधी म्हाताऱ्या होत नाहीत, असं तो कौतुकाने म्हणाला. तिला ते ठाऊक होतं. नव्वदपासून माणसं कमी करायच्या दर खेपेला नावं काढायला त्या तशाच धावून आल्या होत्या, आणि तिने दर खेपेला काढून दिली होती. कारणाचा रकाना फाइलीत घालू द्या, असं तिने साहेबांना दोनदा सांगून पाहिलं होतं. गरज नाही, असं उत्तर मिळालं.

अठ्ठ्याण्णवला गिरणीच बंद पडली. ती धुळ्याला गेली आणि देवपुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये युनिक्स शिकवू लागली. पोरं भराभर शिकत. एक दिवस साक्रीकडची एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे थांबली. वडिलांनी विचारायला सांगितलंय, म्हणाली, याने नोकरी लागते का?

"लागते," सुनंदा म्हणाली.

ते खरंच होतं. याने नोकरी जातेही का, हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगी आनंदाने जिना उतरून गेली. सुनंदाने फळा पुसला, पंखे बंद केले आणि पांझरा नदीच्या पुलावरून खोलीकडे चालू लागली.