रंग सोडणाऱ्या शेवया

माझी आत्या परदेशात अकरा वर्षं राहिली आणि त्या अकरा वर्षांत तिचं कुणाशीच पटलं नाही. माझ्याशीही नाही, आणि मी तर तिच्याच खोलीत दोन वर्षं काढली.

ती शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर उलटा टाकायचा, शिवण ताणून बघायची, काजं तपासायची, आणि कापड रंगीत असेल तर ओली पांढरी चिंधी त्यावर घासायची. चिंधीला रंग लागला की अख्खा गठ्ठा परत. शिवणाऱ्या बायका तिला त्यांच्या भाषेत जे म्हणायच्या त्याचा अर्थ 'परतबाई' असा होता. आत्याला ते माहीत होतं. "म्हणू देत. निदान माझ्या हातून फाटकं जात नाही," एवढंच तिचं म्हणणं.

मी तिथे शिकायला गेले. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून वडिलांनी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "पाठव. पण लाड होणार नाहीत." ते अक्षरशः खरं निघालं. चौथ्या मजल्यावरची एक खोली, दोन लोखंडी पलंग, कोपऱ्यात दोन चकत्यांची विजेची शेगडी. खिडकी उघडली की समोर गॅरेजची भिंत. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. फोडणीचा वास खाली गेला की ती झाडूच्या दांड्याने छतावर ठोकायची. आत्या वरून पाय आपटायची. दोघींचं संभाषण म्हणजे एवढंच.

मी जाऊन सहा महिने झाले असतील, एके दिवशी आत्या कारखान्यात उभ्या उभ्या कोसळली. कंपनीच्या डॉक्टरने रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली. त्याने गोळ्या दिल्या आणि बोट नाचवत सांगितलं, "पांढरा पाव बंद. भात बंद. मैदा बंद. अख्ख्या धान्याचं खा."

सांगायला त्याचं काय जातं! कॅन्टीनमध्ये रोज दुपारी मैद्याच्या नूडल्स. त्या गावात कणीक मिळत नव्हती. दोन बस बदलून एकदा आम्ही शोधून आलो, तर जे मिळालं त्यात पोरकिडे. शेवटी आत्याला कोपऱ्यावरच्या दुकानात तपकिरी रंगाच्या नूडल्स दिसल्या. आत्या त्यांना शेवयाच म्हणायची. दुकानदार म्हणाला, "अख्ख्या धान्याच्या. साखरवाले सगळे ह्याच नेतात."

तिला ती भाषा बोलण्यापुरती यायची, वाचता यायची नाही. पाकीट माझ्यासमोर धरून म्हणाली, "वाच गं."

माझी परीक्षा तोंडावर होती. मी एक नजर टाकली. "गव्हाचं पीठ, मीठ, अजून काहीतरी. ठीक आहे."

पुढचे तीन महिने ती सकाळ-संध्याकाळ त्याच शेवया खात होती. चहातली साखर सोडली, बिस्किटं सोडली. कॅन्टीनमध्ये जाणंही सोडलं, घरून डबा न्यायची. मग पुन्हा रक्त तपासलं. साखर तसूभरही हलली नव्हती.

त्या दिवशी ती घरी आली ती चपला न काढताच पलंगावर बसली.

"मला खोटारडी म्हणाला."

"कोण?"

"तोच, मेला डॉक्टर. म्हणे तुम्ही बायका इथे येऊन एक सांगता आणि घरी चोरून गोड खाता. दोन नर्सांसमोर म्हणाला. हसल्या त्या."

मी म्हटलं, "जाऊ दे गं." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुस्तकात डोकं घातलं.

संध्याकाळी तिने नेहमीसारख्या शेवया उकळल्या. एरवी ती पाणी सरळ मोरीत ओतायची. पण मोरी तुंबली होती, म्हणून कपडे भिजवायच्या पांढऱ्या टबात ओतलं. आणि तशीच पातेलं धरून उभी राहिली. टबातलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. पातेल्यातल्या शेवया चांगल्याच पांढुरक्या झाल्या होत्या.

मग तिने जुन्या उशीच्या अभ्र्याची पट्टी फाडली, ओली केली आणि कोरड्या शेवयांच्या जुडीवर घासली. दोनदा, तीनदा. पट्टी उजेडात धरली. तपकिरी डाग.

"कच्चा रंग," ती म्हणाली. "पाकीट आण. आणि ह्या वेळी नीट वाच."

मी शब्दकोश घेऊन बसले. मग कळलं. त्यांच्या भाषेत 'गव्हाचं पीठ' म्हणजे मैदाच. अख्ख्या गव्हाच्या पिठाला वेगळा शब्द आहे आणि तो पाकिटावर कुठेच नव्हता. 'अजून काहीतरी' म्हणून मी जे सोडून दिलं होतं, तो होता जळक्या साखरेचा रंग. मी वाचून दाखवताना माझा आवाज बारीक होत गेला.

"तीन महिने," आत्या म्हणाली. "तीन महिने मी मैदा खाल्ला. तू वाचलं होतंस."

"माझी परीक्षा होती आत्या."

"आणि मला काय, हौस होती? पाच ओळी होत्या. पाच! माझ्या टेबलावर कुणी असं काम केलं असतं तर उभं नसतं केलं मी त्याला."

मला राग आला. खरं सांगायचं तर चूक माझी होती म्हणूनच जास्त आला. मी म्हटलं, "मग स्वतः शिकायचं होतं वाचायला. नऊ वर्षं झाली ना इथे येऊन?"

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिने फडताळात मधोमध दोरी बांधली. डावीकडे तिचं, उजवीकडे माझं. आधी माझाही स्वयंपाक तीच करायची, तो बंद झाला. मी पाव खात होते आणि ती उकडलेली कोबी. आठ बाय दहाच्या खोलीत अबोला धरायचा म्हणजे सोपं नसतं. पाठीला पाठ लावून चहा करायचा आणि चमच्याचा आवाज मुद्दाम मोठा काढायचा.

मधल्या शनिवारी मात्र ती म्हणाली, "चल." बोलणं नव्हे, हुकूम. "बोलायला लागलं तर माझ्या बाजूने बोल."

दुकानात चांगली गर्दी होती. दारापाशी चहाचं मशीन होतं. आत्याने पिशवीतून काचेचा वाडगा काढला, मशीनचं गरम पाणी घेतलं, त्या शेवया मोडून त्यात टाकल्या आणि वाडगा गल्ल्यासमोर ठेवला.

"हे काय चाललंय?" दुकानदार म्हणाला.

"थांबा," आत्या म्हणाली. "बघा."

पाणी बघता बघता तपकिरी झालं. रांगेतली एक म्हातारी पुढे वाकून बघू लागली. तिच्या टोपलीत तेच पाकीट होतं. मी तिला पाकिटावरची ओळ दाखवली. तिने चष्मा लावून वाचली आणि पाकीट परत फळीवर ठेवलं.

दुकानदार हसला. "बाई, मी कारखाना चालवत नाही. येतं ते विकतो."

"अख्ख्या धान्याच्या आहेत असं तुम्ही म्हणालात."

"तुम्हाला वाचता येत नाही हा काय माझा दोष?"

ते तिच्या वर्मी लागलं. तिने वाडगा उचलला आणि सगळं पाणी त्याच्या गल्ल्यावर ओतलं. पुढे काय झालं हे सांगायलाच नको. तिला दंडाला धरून रस्त्यावर काढलं, माझी पिशवी पाठीमागून फेकली आणि पुन्हा पाऊल टाकलंत तर पोलीस बोलावीन असं बजावलं. त्या शेवया पुढे कितीतरी दिवस तिथे विकायला होत्या. वरच्या फळीवर हलवल्या, एवढाच फरक पडला.

आता विचारण्यासारखी उरली एकच बाई, कारखान्यातली मुकादमीण. ती आणि आत्या म्हणजे उभा दावा. तिच्या लाइनचे सातशे शर्ट आत्याने एका दिवसात परत पाठवले होते आणि तिची बढती त्यात गेली होती. पण तिच्या डब्यात रोज गडद रंगाचा पास्ता असायचा. आत्या चार टेबलं लांबून तो बघत होती. तिच्यापुढे जाऊन उभं राहायला तिला आठवडा लागला. गेली तेव्हा सोबत पांढरी चिंधी घेऊन गेली.

"तुझ्या डब्यातलं एक दे. घासून बघते."

मुकादमीण तोंडातला घास तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पास्त्याचा एक तुकडा टेबलावर फेकला, कोंबडीला दाणा टाकावा तसा. आत्याने उचलला, घासला. चिंधी कोरी.

"कुठे मिळतं?"

"तुला का सांगू?"

"साखर आहे मला," आत्या म्हणाली. हे तिने कारखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमिणीने एक पाकीट तिच्या टेबलावर आपटलं. "बस डेपोमागे घोड्यांचा चारा विकतात, त्याच्या शेजारी. चौदा मिनिटं उकळ. आणि ते सातशे शर्ट मी विसरलेले नाही."

"त्यांचा रंग जातच होता," आत्या म्हणाली.

पहिल्यांदा आत्याने तो पास्ता मैद्याच्या शेवयांसारखा उकळून मग वाफेवर झाकून ठेवला. त्याचा भुसकट गोळा झाला, गुरांना द्यावा असा. दुसऱ्यांदा कच्चा राहिला, दाढेखाली वाळू. तिसऱ्यांदा तिने भरपूर पाणी घेतलं, खळखळून उकळल्यावर मीठ घातलं, घड्याळ समोर ठेवलं. बाराव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक काढून चावून बघत होती. मग लसूण, लाल तिखट, शेंगदाण्याचं कूट आणि थोडं त्याच उकळीचं पाणी घालून परतला. लसणाचा वास खाली गेला आणि दांडा ठोकायला लागला. आत्याने पाय आपटला आणि दोन ताटल्या काढल्या.

माझ्या पुढ्यात एक ठेवली. "खा. चांगला झालाय म्हणून देतेय. माफ केलेलं नाही."

तो कडसर होता, चावायला वेळ लागायचा आणि मला मनापासून आवडला. मी तसं म्हटलं नाही.

चार महिन्यांनी साखर बऱ्यापैकी उतरली. मी सोबत गेले होते. डॉक्टर कागद बघून म्हणाला, "बघा, आता खरं वागायला लागलात."

"मी तेव्हाही खरंच बोलत होते," आत्या म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत, मी काय खाते ते. त्या दोन नर्सांना बोलवा आणि त्यांच्यासमोर सांगा, की मी खोटं बोलले नव्हते."

त्याने घड्याळ बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्या खुर्चीतून उठली नाही. पंचवीस मिनिटं बसून राहिली, बाहेर रांग वाढत गेली. शेवटी त्याने एका नर्सला बोलावलं आणि घाईघाईने, खाली बघत, ते वाक्य म्हटलं. दुसरीची त्या दिवशी सुट्टी होती. "तिच्यासाठी उद्या येते," आत्या म्हणाली, आणि खरंच गेली.

पुढे माझं शिक्षण संपलं, मी दुसऱ्या शहरात गेले. आत्याने डॉक्टर बदलला. नवीन बाई अगदी शांत, सगळं ऐकून घेणाऱ्या, हसून बोलणाऱ्या. मी फोनवर विचारलं, "आता बरं वाटतंय ना गं?"

"कसलं बरं?" आत्या म्हणाली. "भांडतच नाही ती. काही लपवतेय की काय, तेच कळत नाही."