उपासाच्या कढईतले बेसन

विमानाच्या टाकीत पोहोचणारे तेल आधी कोणाच्या कढईत होते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे काय? मलाही पडला नव्हता. देवासच्या पोलीस थान्यात माझी शेवटची नेमणूक असताना एका बाईच्या तक्रारीमुळे पडला. ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही.

बाई लोडिंग रिक्षा घेऊन हलवायांकडचे तळून उरलेले तेल गोळा करी. ते एका कंपनीत जाई आणि तिथून विमानाचे इंधन बनवणाऱ्या कारखान्यात. वापरून झालेल्या तेलासाठी नवे पीक घ्यावे लागत नाही, म्हणून या इंधनाने विमानांचे प्रदूषण घटते आणि कंपनी अशा तेलाला ताज्या पाम तेलापेक्षा जास्त भाव देते.

"साहेब, धारचा एक व्यापारी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माल आणतो," ती म्हणाली. "कंपनी आता सगळं काम त्यालाच देणार. माझी रिक्षा उभी राहील. पण त्याची गाडी मी एकाही दुकानासमोर पाहिली नाही."

"जळफळाट तर नाही ना, वहिनी?" हवालदाराने चिडवले.

"तसं असतं तर भिया, भांडायला त्याच्याच दारात गेले असते. इथे कशाला?"

मी अर्ज लिहून घेतला. कंपनीच्या आवारातल्या त्या व्यापाऱ्याच्या ड्रममधून पंचांसमोर नमुने काढून सील केले. पाहण्यासाठी एक बरणी वेगळी भरून घेतली आणि व्यापाऱ्याला बोलावले. नवरात्र चालू होते.

तो निवांत होता. "साब, माताजी की टेकरी के नीचे उपवासवाले फलाहार की दुकानें लगती हैं ना, ये सब वहीं का तेल है।"

उपाशी माणूस सुटकेसाठी काहीही कबूल करतो, म्हणून चौकशीआधी चहा-नाश्ता देण्याची माझी पद्धत होती. त्या दिवशी कचोरी आली. त्याने बशी दूर सारली.

"उपवास है साब। बेसन-हल्दी छूता भी नहीं मैं।"

मी बरणी टेबलावर ठेवली. तळाशी करपलेल्या बेसनाचा काळपट पिवळा गाळ साचला होता.

"तो फलाहार की कढ़ाई में ये किसने घोला, भिया?"

त्याने बरणीकडे पाहिले, मग बशीकडे. म्हणाला, "पानी मिलेगा?"

पाणी पिऊन त्याने सगळे कबूल केले, पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून त्यानेच दाखवलेल्या धारजवळच्या शेडचा पंचनामा केला. तिथे ताज्या पाम तेलाचे डबे होते आणि जळके बेसन टाकून ते काळे करायची भली मोठी कढई. माल जप्त झाला. बाईचे काम टिकले.

पोलीस गाडीत बसताना तो म्हणाला, "किसी का क्या बिगड़ा साब? हवाई जहाज तो उड़ ही रहा था।"

त्या प्रकरणाने मला शिकवले ते त्याच्या या प्रश्नाचे उत्तर. ताजे तेल जाळले की पामच्या लागवडीसाठी कुठेतरी जंगल तुटते, विमानाचा धूर तेवढाच राहतो आणि प्रवासी मात्र आपण स्वच्छ उडालो असे समजतो. या फसवणुकीत नुकसान सर्वांचे होते, पण थान्यात कोणी येत नाही. ती बाई आली, कारण तिची चूल पणाला लागली होती. दर वेळी अशी बाई मिळेलच असे नाही.

म्हणून एवढे करा. तळून उरलेले तेल मोरीत ओतू नका, ते गोळा करणाऱ्याला द्या. मात्र देताना ते पुढे कुठे जाते, हे विचारा. उत्तर पटले नाही, तर थान्यात जाऊन लेखी अर्ज द्या.