देगूहून येणारा संताप

रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली. पण रागाची रोपासारखी निगा राखणारा, सकाळी उठून त्याला पाणी घालणारा आणि संध्याकाळी तो किती वाढला हे फोन करून कळवणारा माणूस माझ्या साडूंखेरीज दुसरा पाहिला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. डब्लिनजवळ ल्यूकनमध्ये आमची घरं एकाच वसाहतीत, आणि सँट्रीतलं ऑफिसही एकच, त्यामुळे आम्ही एकाच गाडीतून जायचो. गाडी मी चालवायची आणि राग त्यांनी. पावसावर, बसवर, न विचारता हवामान सांगणाऱ्या शेजाऱ्यांवर. "अहो, पाय मी त्यांच्या पायावर दिला आणि सॉरी तेच म्हणतात! भांडायची काही सोयच ठेवली नाही या देशाने!" त्यातही त्यांचा खास राग 'ग्रँड', म्हणजे 'छान चाललंय', या शब्दावर. इथे चहा कसा झालाय विचारलं तरी ग्रँड आणि ऑपरेशन कसं झालं विचारलं तरी ग्रँड. "माणसाला काही वाटतं की नाही?" असं म्हणून ते माझ्या डॅशबोर्डवर थाप मारत.

मग ऑफिसने माणसं कमी केली. साडूंना काढलं, मला ठेवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. माझं काम त्यांच्याहून सरस नव्हतं, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक होतं. मी फक्त वयाने लहान होतो. ज्या साहेबाने हे ठरवलं तो मला दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला, आणि मी त्याला हसून गुड मॉर्निंग म्हटलं. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

त्यानंतर साडूंनी मिशीला कलप लावायला सुरुवात केली, अर्जातून पदवीचं साल काढून टाकलं, आणि रागावणं बंद केलं. शेजारच्या कुत्र्याने त्यांच्या हिरवळीत कार्यक्रम उरकला, तर खिडकीतून बघत म्हणाले, "असू दे. ग्रँड आहे." ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दिवशी माझ्या बायकोपाशी येऊन रडल्या. नवऱ्याने आरडाओरडा थांबवला म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

वर्षभराने त्यांना नोकरी मिळाली ती थेट कोरियातल्या देगू शहरात, दवाखान्यातली यंत्रं तपासण्याची. पहिले सहा महिने एकट्याने राहून बघायचं. पटलं तर करार पक्का करायचा आणि ताईंनी ल्यूकनमधला चपात्यांचा व्यवसाय आवरून तिकडे जायचं. नाही पटलं तर परत यायचं. परत आल्यावर इथे त्यांच्यासाठी काय होतं, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

माझी सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. मी गाडी मोटरवेवर घातली की फोन वाजलाच. "साडूभाऊ, घरात भिंत बोलते!" हा पहिल्या आठवड्यातला. तिथल्या इमारतींत प्रत्येक घराच्या भिंतीत एक भोंगा असतो, आणि लिफ्टची दुरुस्ती, पाणी बंद, असल्या सूचना त्यातून देतात. यांना कुणी सांगितलं नव्हतं. हे लाटणं घेऊन पलंगाखाली चोर शोधत होते. "माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय फक्त तुमच्या ताई बोलतात! ही कोण?" पुढचा फोन जमिनीबद्दल. तिकडे थंडीत फरशीच तापवतात. "गादीत झोप येईना म्हणून खाली झोपलो, तर घावनासारखा एका बाजूने खरपूस झालोय!" मी म्हटलं, मग वर झोपा. "का म्हणून? पाठ पहिल्यांदा दुखायची थांबलीये!" हे वाक्यही त्यांनी ओरडूनच सांगितलं, त्यामुळे मला ती तक्रारच वाटली.

एकदा कॉफीच्या दुकानात एक मुलगी टेबलावर लॅपटॉप, फोन, पाकीट असं सगळं ठेवून जागा धरून निघून गेली. तिकडे सगळेच तसं करतात आणि कुणी हात लावत नाही. साडूंना ते बघवेना. पाऊण तास ते त्या टेबलाशेजारी हाताची घडी घालून राखणीला उभे राहिले. मुलगी परतली, या लालबुंद मिशाळ गृहस्थाला पाहिलं आणि सामान छातीशी धरून पळत सुटली. "म्हणजे त्या अख्ख्या गावात चोर दिसणारा मी एकटाच!" ते इतके कडाडले की मी एक्झिट चुकलो.

पण खरं युद्ध पेटलं ते शेजारच्या आजींशी. तिथे उरलेल्या अन्नाचा कचरा वेगळा टाकायचा, तो डबा वजन करून घेतो, आणि त्यात जनावर खाईल तेवढंच चालतं. साडूंनी त्यात चहाचा चोथा टाकला. आजींनी रबरी हातमोजा घालून तो त्यांच्यादेखत बाहेर काढला आणि जिन्यात उभं राहून कोरियनमध्ये झाडलं. यांनी मराठीत परतफेड केली. "चोथा खायला काय धाड भरली तुमच्या डुकरांना?" आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचा एक इंग्रजी येणारा माणूस मध्यस्थीला आला, तर आजींनी त्याच्याकरवी आधी यांचं वय विचारलं. वय निघालं त्यांच्याहून कमी. मग काय, रागावण्याचा हक्कच मिळाला आजींना.

दुसऱ्या दिवशी दारात किमचीचा, म्हणजे तिखट आंबवलेल्या कोबीचा, डबा. "सासूबाईंच्या ठेच्याच्या वरताण! आणि डबा रिकामा कसा परत करायचा हो? आपल्यात करतात का?" म्हणून यांनी शेंगदाण्याची चटणी घालून दिला. पण आजींच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांनी त्यात मुळा घालून पाठवला. यांनी पोहे. त्यांनी पर्सिमन नावाचं सुकवलेलं फळ. "थांबतच नाही ती बाई! ऑफिसातून येऊन मला रोज काहीतरी करावं लागतं!"

हे सगळं मी ऐकत होतो, कारण नोकरी माझी राहिली होती. अपराध्याने हप्ता भरावा तसे मी ते फोन घेत होतो. पण एका सकाळी पाऊस, पुढे अपघात, गाड्या ठप्प, त्यात ऑफिसातून साहेबाचा तिरकस निरोप, आणि वर साडू: बसमध्ये धक्का मारून कुणी सॉरी म्हणत नाही म्हणून. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "इतकं वाईट आहे तर या ना परत! ताईंना आजच सांगतो, बोलावून घ्या म्हणून! आम्ही काय रोज हेच ऐकायचं?"

पलीकडून शांत आवाज आला, "बरं. गाडी जपून चालवा."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला. काय चाललंय? "सगळं ग्रँड आहे."

मी ऑफिसला गेलो नाही, गाडी वळवून ताईंकडे गेलो. त्या पीठ मळत होत्या. सगळं सांगितलं, स्वतःचं ओरडणंही. त्या म्हणाल्या, "करार पक्का करायचा की नाही हे त्यांना या शुक्रवारी सांगायचंय. काल मला म्हणाले, नाहीच म्हणतो, परत येतो. मला वाटलं, खरंच जमत नसेल." पिठाच्या हातानेच त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. साडू आले. ताईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"मिशी पांढरी दिसतीये. कलप संपला?"

"संपला कशाला? ठेवलाय कपाटात." मग आवाज हळूहळू चढत गेला. "इथे लावून उपयोग काय? इथले लोक नावाआधी वय विचारतात! आणि सांगितलं की पोरं दोन्ही हातांनी पेला भरतात, लिफ्टचं दार धरतात, मीटिंगमध्ये मी बोलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही! मी काय देव्हाऱ्यातला देव आहे? मूर्ख आहेत सगळे! मूर्ख!"

"शुक्रवारी हो म्हणा," ताई म्हणाल्या. "मी येतेय."

"कशाला? तुला नाही जमायचं इथे! भिंत बोलते!" आणि मग एकदम खालच्या आवाजात, "येताना गोडा मसाला आण. त्या आजींना हवाय."

ताईंना जाऊन आता चार महिने झाले. मला फोन येत नाही. साहजिक आहे, रागवायला हक्काचं माणूस घरात आलं. मला आनंद आहे, खरंच आहे. परवा ऑफिसात पुन्हा माणसं कमी करणार अशी कुजबुज निघाली, आणि या खेपेला मी त्यातल्या त्यात म्हातारा आहे. गाडीत बसून मीच साडूंना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, ताईंचं हसणं, आणखी कुणीतरी बाई कोरियनमध्ये जोरात काहीतरी सांगत होती. "साडूभाऊ, पानं वाढलीत हो, रात्री करतो!" म्हणाले आणि ठेवलाच.

मला त्या साहेबावर संतापायचं होतं. काच वर करून मी मोठ्याने सुरुवातही केली, पण दोन वाक्यांत दम संपला. मी एकदाच काय तो रागावलो, तोही भलत्याच माणसावर. मला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या वाटणीचंही तेच रागावत होते.