तीन पट्ट्या आणि एक अर्ज

‘संस्था ही व्यक्तीपेक्षा मोठी असते.’ आमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर हे वाक्य होतं. त्याच्या वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो होता. मोबाइलवर पान उघडलं की पडदाभर अध्यक्षच यायचे, आणि वाक्यापर्यंत पोचायला बोटाने बरंच खाली सरकावं लागायचं.

मी वाशीमच्या त्या महाविद्यालयात ग्रंथपाल. ग्रंथालयात एक बरा कॉम्प्युटर होता, एवढ्या कारणावरून संकेतस्थळही माझ्याकडे आलं. आधी त्यावर सरकत्या फोटोंची एक पट्टी होती. अध्यक्ष, सचिव आणि संस्थापकांचे चिरंजीव आळीपाळीने सरकायचे. मग पहिला कोण सरकणार यावरून वाद झाला. कार्यकारिणीच्या बैठकीत तोडगा निघाला, की प्रत्येकाला स्वतंत्र पट्टी द्यावी, म्हणजे कोणीच दुसरा राहणार नाही. प्लगइन म्हणजे संकेतस्थळाला वरून जोडायचा तयार तुकडा; फुकटच्या प्लगइनमध्ये एकच पट्टी मिळते. त्यामुळे तीन पट्ट्यांसाठी तीन निराळी प्लगइनं बसवली गेली. अध्यक्षांच्या वाढदिवशी सकाळी प्राचार्यांच्या हुकमावरून चौथं बसलं. त्यातून पानभर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या.

प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस नेमका तोच होता.

दुपारी मेडशीहून एक बाई आणि तिची मुलगी ग्रंथालयात आल्या. गावातल्या इंटरनेट सेंटरवर अर्ज उघडत नव्हता म्हणून एसटीने वाशीमला आल्या होत्या.

‘जयभीम मॅडम,’ मुलगी म्हणाली. ‘कॉलेजचं पान पांढरंच येऊन राह्यलं. ऑफिसात कागदावरचा फॉर्म घेत नाहीत.’

‘आज झालं तं झालं,’ आई म्हणाली. ‘नाही तं इचा काका परवा इले पुण्याले घेऊन जाते. कंपनीत पॅकिंगचं काम पाह्यलं त्यानं.’

‘तुले जायचं हाये काय?’ मी विचारलं.

‘मले बीएस्सी करायची हाये,’ मुलगी म्हणाली, आणि कॉम्प्युटरकडे बघत राहिली.

पाच वाजल्यानंतर आलेला अर्ज धरू नये, असं वरच्या कार्यालयाचं, म्हणजे विद्यापीठाचं, परिपत्रक होतं. मी पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती: मेमरी संपली. सर्व्हरवर आपल्या वाट्याला ठरावीक मेमरी येते आणि सगळी प्लगइनं त्यातच भागवतात. तीन पट्ट्या आणि पाकळ्या अशा आमच्या चौघांनी मिळून अर्जासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

आधी फाइलमध्ये मेमरीची मर्यादा वाढवून पाहिली. सर्व्हरवाल्यांनी आमच्या प्लॅनला वरून कुलूप घातलेलं होतं, त्यामुळे आकडा बदलला आणि पान पांढरंच राहिलं. संकेतस्थळाची आतली बाजूही उघडेना. शेवटी सर्व्हरवरच्या फाइलींमध्ये शिरून प्लगइनांच्या फोल्डरचं नावच बदललं. सगळी प्लगइनं एकदम बंद झाली आणि पान आलं. त्यावर पट्ट्या नव्हत्या, पाकळ्या नव्हत्या, आणि अर्जही नव्हता, कारण अर्ज हेसुद्धा एक प्लगइनच होतं. नाव पूर्ववत करून फक्त अर्ज चालू केला. मुलीला माझ्या खुर्चीवर बसवलं.

ती जन्मतारीख भरत होती तेवढ्यात फोन आला. अध्यक्षांचे स्वीय सहायक होते.

‘मॅडम, सायबाचा फोटू दिसून नाही राह्यला. काय करून राह्यल्या तुमी?’

‘अर्ज भरणं चालू आहे.’

‘आज वाढदिवस हाये न. लोक पाहून राह्यले.’

‘त्यांना वाचता येत असेल तर प्रवेशाची सूचनाही पाहतील.’

त्यांनी फोन ठेवला आणि प्राचार्यांना लावला असावा, कारण थोड्याच वेळात प्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले. मी त्यांना तिथे प्रथमच पाहत होते.

‘पाकळ्या नसू द्या,’ ते म्हणाले. ‘सायबाची पट्टी तेवढी चालू करा.’

‘सर, पान पुन्हा बंद पडेल.’

‘एका पट्टीनं काय होते?’

त्यांच्या आग्रहापुढे मी ती चालू केली. मुलीने जातीचा दाखला जोडायला बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला. भरलेलं सगळं गेलं. ती बोटं कीबोर्डवर तशीच धरून बसली.

‘काय झालं वं?’ आईने विचारलं.

‘परत भरा लागते.’

‘मंग भर. कायले थांबली?’

साडेचार होऊन गेले होते. मी पट्टी बंद केली आणि तिच्या जागी अध्यक्षांचा एक साधा फोटो चिकटवला. त्याला प्लगइन लागत नाही. प्राचार्य वाकून बघत राहिले.

‘हे हालत नाहीत,’ ते म्हणाले.

‘नाही सर. एका जागी बसून आहेत.’

‘सायबाले चालंन काय?’

‘तुम्हीच विचारून घ्या.’

ते विचारायला गेले नाहीत. खुर्ची ओढून आमच्या मागेच बसले. मुलीने दुसऱ्यांदा नाव, पत्ता, गुण भरले. या वेळी तिने सगळे दाखले आधीच शोधून एका ठिकाणी ठेवले होते. दाखला जोडताना पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. प्राचार्य घड्याळ बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. चक्र थांबलं. दाखला लागला. तिने शेवटचं बटण दाबलं. पुन्हा चक्र, आणि मग अर्ज क्रमांक आला. मी पावती छापून तिच्या हातात दिली. तिने ती आईला दिली. आईने वाचली नाही, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

‘चाल, गाडी निंगून जाईन,’ ती म्हणाली. ‘काकाले घरी गेल्यावर मी सांगतो.’

त्या दोघी स्टँडकडे गेल्या. पाच वाजता मी अर्जाचं पान नियमाप्रमाणे बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयाचं नवं परिपत्रक आलं. त्यांचंच संकेतस्थळ आदल्या दिवशी बंद पडल्यामुळे अर्जाची मुदत आठवडाभर वाढवली होती.