न्हाव्याच्या फळीवरची काळी डबी

रविवार, २० ऑक्टोबर २०१९. सकाळी प्रार्थनेला गेले. वारा होता, पाऊस नाही. परसातली पर्सिमॉनची केशरी फळं उतरवली. दुपारी उराकावासानच्या दुकानात गेले. मिनोरी केस कापायला आली होती. तालीम झाली नाही.

काझुएबाईंनी वहीत एवढंच लिहिलं.

उराकावासान जपानमधल्या सासेबोच्या पेठेतले न्हावी, वय अठ्ठ्याहत्तर. पोरवयात अमेरिकन तळावरच्या रेडिओवर त्यांनी काळ्या गायकांची गाणी ऐकली आणि ते वेडेच झाले. पुढे चौघा दुकानदारांनी तशी गाणी बसवली. दर तीन नोव्हेंबरला, पेठेच्या समारंभात, चेहऱ्याला काळा रंग लावून आणि हातांत पांढरे मोजे घालून ते गात. टीव्हीवरचे विनोदवीरही तेव्हा तसंच करत. कुणाला काही वाटत नसे. साथीला काझुएबाई, नन्सच्या शाळेत ऑर्गन शिकलेल्या. चौघांतले तिघे गेले, तरी उराकावासान एकटे उभे राहत.

मिनोरी नऊ वर्षांची. आई इथलीच, वडील घानाचे, गोदीत कामाला. तिच्या दाट कुरळ्या केसांत पेठेतल्या कुणाचीच कात्री चालेना. तेव्हा उराकावासान यांनी पंच्याहत्तरीत तिच्या वडिलांना समोर बसवून ते केस शिकून घेतले. तेल कुठलं, फणी कुठून घालायची, वेणी किती आवळायची, सगळं.

त्या रविवारी खुर्चीत बसल्या बसल्या तिनं आरशाखालची डबी उचलली.

"आजोबा, बुटाचं पॉलिश का हे?"

"छे गं. गाताना तोंडाला लावायचा रंग. त्या गायकांसारखं दिसायला."

"बाबांसारखं?"

"हो, म्हणजे, तसंच."

"आणि मग?"

"मग गरम टॉवेल फिरवायचा. दोन मिनिटांत साफ."

मिनोरीनं झाकण नीट लावलं. "बालवाडीत मुलींनी ओल्या रुमालानं माझा गाल घासला होता. माझा नाही जात." मग म्हणाली, "तीन तारखेला मला यायलाच हवं का?"

फणी थांबली. बाकावर बसलेल्या काझुएबाई मांडीवरच्या गाण्यांच्या कागदांकडे बघत राहिल्या.

ती गेल्यावर उराकावासान म्हणाले, "बाई, तुम्हाला कळत होतं?"

"अलीकडे कळायला लागलं होतं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही इतका जीव लावून गाता. धीर झाला नाही."

"आता ती या खुर्चीत बसेल का हो?"

बाईंनी तिच्यासाठी परसातली फळं पिशवीत घालून दिली. सोमवारी दुकान बंद. पिशवी घेऊन ते मिनोरीच्या दारात गेले, म्हणाले, "रंग लावणार नाही. आलीस तर बरं वाटेल," आणि चहाला न थांबता परतले.

तीन तारखेला ते नुसत्या चेहऱ्यानं मंचावर आले.

"अहो, तोंड घरी विसरलात की काय?" पहिल्या रांगेतून मासळीवाली ओरडली. सगळे हसले.

"हेच माझं. चाळीस वर्षं झाकलं, आता बघून घ्या."

दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. रंगाशिवाय त्यांना उघडं उघडं वाटत होतं. मिनोरी वडिलांचा हात धरून दाराशीच उभी होती. तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा ती आत येऊन बसली.

नंतर तिनं त्यांची बाही ओढली. "आजोबा, शनिवारी वेण्या घालाल?"

"नऊला ये. उशीर केलास तर टक्कल करीन."

काझुएबाईंनी संध्याकाळी लिहिलं: दर वर्षी काळे झालेले तीन-चार टॉवेल सोड्यात भिजवावे लागतात. यंदा एकच, घामाचा. साध्या पाण्यात धुऊन वाळत घातला.